रांगेचा हिशेब मांडता मांडता : क्रिस्टन नायगार्ड

कापसाच्या हंगामात यवतमाळ, वणी, पांढरकवडा किंवा राळेगावच्या खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर असतात, टेम्पो असतात, एखादी बैलगाडीही असते. प्रत्येक गाडीला टोकन मिळते, मग भरल्या गाडीचे वजन, प्रतवारी, माल उतरवणे, रिकाम्या गाडीचे वजन आणि शेवटी पावती. प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ वेगळा आणि गाड्या येण्याची वेळही ठरलेली नसते. अशा वेळी एक काटा वाढवला तर रांग किती कमी होईल? की खरा खोळंबा काट्यावर नसून प्रतवारीच्या टेबलावर आहे? कागद-पेन्सिल घेऊन बसले तर अर्ध्या तासात डोके चक्रावते.

नॉर्वेतील एक गणितज्ञ १९५० च्या दशकात अशाच प्रश्नांशी झगडत होता. त्याचे नाव क्रिस्टन नायगार्ड. रांगा, कारखाने, वाहतूक यांचे वर्णन संगणकाला समजेल अशा भाषेत कसे करायचे, याचा शोध घेताना त्याने आणि त्याचा सहकारी ओले-योहान डाल याने ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ या दोन कल्पना जगाला दिल्या. आज यवतमाळ किंवा पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जावा, पायथन किंवा सी प्लस प्लस शिकणारा प्रत्येक विद्यार्थी या दोन शब्दांपासून सुरुवात करतो. प्रोग्राम पाच-सहा फायलींचा झाला की ज्या चुका त्याला रात्र-रात्र जागवतात, त्यातल्या बऱ्याच या दोन शब्दांतील फरक निसटल्यामुळे होतात. तो फरक समजून घ्यायचा तर नायगार्ड यांच्या आयुष्याकडे पाहणे हा सोपा मार्ग आहे.

हाताने टाकलेले फासे

नायगार्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी ऑस्लो येथे झाला. त्यांची किशोरवयातील वर्षे जर्मन फौजांच्या ताब्यातील नॉर्वेत गेली. युद्ध संपल्यानंतर ते ऑस्लो विद्यापीठात गणित शिकू लागले आणि १९४८ मध्ये नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाले. तिथे त्यांनी पुढची बारा वर्षे काढली.

नॉर्वे तेव्हा आपली पहिली अणुभट्टी उभारत होता. भट्टीत न्यूट्रॉन किती शोषले जातील, याची आकडेमोड नायगार्ड यांच्याकडे आली. नेहमीच्या गणिती रीतीने ती फार किचकट होती. त्यांनी ‘मॉंटे कार्लो’ पद्धत वापरली. या पद्धतीत सोंगट्यांच्या खेळासारखे फासे टाकले जातात. एका न्यूट्रॉनचे काय होईल, हे यदृच्छेने निवडलेल्या आकड्यावरून ठरवायचे, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. असे असंख्य न्यूट्रॉनांचे प्रवास मांडले की एकूण चित्र स्पष्ट होते. संगणक हाताशी नव्हता. त्यामुळे ही आकडेमोड माणसांकडून हाताने करून घेतली जाई. १९५६ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवीचा प्रबंधही याच पद्धतीच्या सिद्धान्तावर लिहिला.

१९५२ पासून त्यांचे लक्ष ‘ऑपरेशनल रिसर्च’कडे वळले. दुसऱ्या महायुद्धात जन्मलेली ही विद्याशाखा माणसे, यंत्रे आणि वेळ यांची सांगड कशी घालावी, याचा अभ्यास करते. नॉर्वेतील या विषयाच्या संघटनेचे ते सहसंस्थापक आणि पहिले अध्यक्ष होते. या कामात त्यांना एक अडचण पुन्हा पुन्हा जाणवली. गुंतागुंतीची व्यवस्था सांगायला भाषाच नव्हती. गणिताच्या सूत्रांत ती मावत नव्हती आणि बोली भाषेत सांगितली की ऐकणारा प्रत्येक जण वेगळा अर्थ लावत असे.

दोघांची जोडी

१९६० मध्ये नायगार्ड ऑस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये गेले. १९६१ मध्ये त्यांच्या मनात एका नव्या भाषेची कल्पना आकार घेऊ लागली. ही भाषा एकाच वेळी दोन कामे करणार होती. माणसाने तिच्यात व्यवस्थेचे वर्णन वाचावे आणि संगणकाने त्याच वर्णनावरून ती व्यवस्था चालवून दाखवावी. जानेवारी १९६२ मध्ये एका फ्रेंच सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या कल्पनेचा उल्लेख केला.

कल्पना मोठी होती, पण संगणकावर उतरवण्यासाठी प्रोग्रामिंगमधील पक्का माणूस हवा होता. ओले-योहान डाल हे संरक्षण संस्थेतील जुने सहकारी. नायगार्ड यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, अबोल आणि काटेकोर. नायगार्ड धिप्पाड, मोठ्या आवाजात बोलणारे, दहा योजना एकदम सांगणारे. या दोघांचे वाद सेंटरमध्ये प्रसिद्ध होते. एकदा नव्याने रुजू झालेली एक व्यक्ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे गेली, कारण वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसे जोरजोरात भांडत होती. ऑपरेटरने क्षणभर कान दिला आणि काळजीचे कारण नसल्याचे सांगितले. डाल आणि नायगार्ड नेहमीप्रमाणे आपल्या भाषेची चर्चा करत होते.

अमेरिकी युनिव्हॅक कंपनीला आपला ११०७ हा संगणक युरोपात खपवायचा होता. त्या खरेदीच्या बोलण्यांतच नव्या भाषेच्या कामाला पाठबळ मिळाले. ऑगस्ट १९६३ मध्ये यंत्र ऑस्लोला पोहोचले आणि १९६५ च्या सुरुवातीला भाषेची पहिली आवृत्ती चालू झाली. तिचे नाव ‘सिम्युला’.

पहिल्या आराखड्यात स्थानके आणि त्यांच्यामधून जाणारी गिऱ्हाइके अशी मांडणी होती. काटा काम करतो आणि गाडी नुसती पुढे ढकलली जाते, असा तो विचार. लवकरच लक्षात आले की गाडीलाही स्वतःची गोष्ट असते. ती येते, थांबते, वजन करून घेते, निघून जाते. म्हणून व्यवस्थेतील प्रत्येक घटकाला स्वतःची माहिती आणि स्वतःची कृती देण्यात आली.

वर्णन एक, वस्तू अनेक

खरी झेप १९६६ च्या अखेरच्या आणि १९६७ च्या सुरुवातीच्या आठवड्यांत घेतली गेली. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी नोंदींचे वर्ग करण्याची कल्पना मांडली होती. डाल आणि नायगार्ड तिचा विचार करत होते. त्यांच्यासमोर पुलावरच्या टोलनाक्याचे उदाहरण होते. रांगेत ट्रक आहे, बस आहे, मोटार आहे. प्रत्येकाची माहिती वेगळी, पण रांगेत उभे राहण्याची रीत एकच. ती रीत प्रत्येकासाठी पुन्हा का लिहायची? एकदा ‘रांगेतील घटक’ असे सामाईक वर्णन लिहावे आणि ट्रक, बस, मोटार यांची वर्णने त्यावर रचावीत, हे उत्तर सापडले. आज याला ‘इनहेरिटन्स’ म्हणतात. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळ लिसेबू येथील परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली आणि त्यातून ‘सिम्युला ६७’ ही भाषा घडली.

या भाषेत ‘क्लास’ म्हणजे वर्णन. गाडी म्हटली की क्रमांक असतो, मालक असतो, वजन असते आणि ती काट्यावर चढते, हे सारे एकदा लिहून ठेवायचे. ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे त्या वर्णनाबरहुकूम प्रत्यक्ष उभी राहिलेली एक गाडी. वर्णन लिहिले म्हणून गाडी येत नाही, जसा छापील कोरा फॉर्म म्हणजे भरलेला अर्ज नसतो. गाडी यायची तर ‘न्यू’ हा शब्द लिहून ती घडवावी लागते. आणि जे नाव ठेवले आहे पण ज्याच्यामागे अजून काहीच उभे नाही, त्यासाठी सिम्युलात ‘नन’, म्हणजे काहीच नाही, हा शब्द होता. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये ‘न्यू’ आजही त्याच कामाला आहे.

चूक कुठे लपते?

समजा, काही विद्यार्थ्यांनी कापूस खरेदी केंद्रासाठी डेस्कटॉपवर चालणारा प्रोग्राम लिहिला. एका फायलीत ‘गाडी’ हा क्लास, दुसरीत ‘काटा’, तिसरीत दिवसाचा अहवाल आणि मुख्य फायलीत पडद्यावरची खिडकी व बटणे. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे बरोबर दिसते. जोडली की बिघडते. असे का होते, याची चार कारणे नेहमी भेटतात.

पहिले कारण, नाव आहे पण वस्तू नाही. मुख्य फायलीत ‘काटा’ असे नाव लिहिले, पण तो घडवायचा राहिला. बटण दाबले की प्रोग्राम काट्याच्या किंवा अहवालाच्या फायलीत कोसळतो. विद्यार्थी तीच फाइल तपासत बसतो, कारण त्रुटीचा संदेश तिकडे बोट दाखवतो. चूक मात्र काटा जिथे जन्माला यायचा होता, तिथे असते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे, कारण त्यात काहीच कोसळत नाही. मुख्य फायलीने एक काटा घडवला. अहवालाच्या फायलीलाही काटा हवा होता, म्हणून तिने स्वतःचा दुसरा घडवला. दिवसभराची वजने पहिल्या काट्यात जमा झाली आणि संध्याकाळी अहवाल दुसऱ्या काट्याला विचारतो. एकूण वजन शून्य! दोन्ही काटे एकाच वर्णनाचे, नावही सारखेच, पण ते दोन वेगळे काटे आहेत. यावर उपाय म्हणजे काटा एकाच जागी घडवावा आणि ज्याला लागेल त्याच्या हाती तोच द्यावा.

तिसरे कारण याच्या उलट. जे प्रत्येक गाडीचे स्वतःचे असायला हवे, ते क्लासच्या नावावर सामाईक ठेवले जाते. मग शेवटच्या गाडीचे वजन आधीच्या सगळ्या गाड्यांच्या पावतीवर दिसू लागते. शेतकऱ्याच्या पावतीचा प्रश्न असेल, तर ही चूक किती महागात पडेल हे सांगायला नको.

चौथे कारण क्रमाचे. काटा तयार होताना त्याला पावतीपुस्तक लागते आणि पावतीपुस्तक तयार होताना त्याला काटा लागतो. दोघेही एकमेकांची वाट पाहतात किंवा एकमेकांना घडवत राहतात. अशा वेळी आधी दोघांना स्वतंत्रपणे उभे करून नंतर त्यांची गाठ घालावी लागते, किंवा सामाईक भाग तिसऱ्या फायलीत काढावा लागतो.

या चारही चुका शोधण्याची रीत एकच आहे आणि ती सिम्युलाच्या मूळ विचारातूनच निघते. आधी हजेरी घ्यायची. ऑब्जेक्ट ज्या ओळीत जन्मतो, तिथे एक नोंद छापायची : कोणता क्लास, कोणत्या फायलीतून, कितव्यांदा. मग विचारायचे, खऱ्या केंद्रावर काटे किती आहेत? एक असेल आणि प्रोग्रामने दोन घडवले असतील, तर शोध तिथेच संपला. शंका असेल तर दोन्ही ठिकाणी हाती असलेला ऑब्जेक्ट एकच आहे का, हे त्याची स्मृतीतील ओळख छापून ताडून पाहायचे. आणि सगळा प्रोग्राम चालवण्याऐवजी एक क्लास, एक ऑब्जेक्ट आणि चार ओळींची चाचणी एवढेच आधी चालवायचे. सुटा भाग नीट चालत असेल, तर दोष जोडणीत आहे असे धरून पुढे जाता येते.

ऑस्लोबाहेरचा प्रवास

सिम्युला फार मोठ्या प्रमाणात वापरली गेली नाही. यंत्रे महाग होती आणि भाषा नव्या यंत्रावर आणणे खर्चिक होते. पण तिची कल्पना दूर गेली. अमेरिकेत अ‍ॅलन के यांनी सिम्युला पाहिली आणि पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ‘स्मॉलटॉक’ घडवली. खिडक्या आणि माऊस असलेला आजचा डेस्कटॉप याच प्रयोगशाळेत आकाराला आला.

डेन्मार्कमधील आरहुस येथे शिकलेले ब्यार्न स्ट्राउस्ट्रप यांनी केंब्रिजमध्ये पीएचडीच्या कामासाठी सिम्युला वापरली. प्रोग्राम मोठा होत गेला तरी तो डोक्यात मावत होता, कारण क्लास खऱ्या घटकांशी जुळत होते. चुकीच्या प्रकारचा ऑब्जेक्ट चुकीच्या जागी दिला, तर भाषाच ती चूक दाखवून देई. अडचण आली ती वेगाची. प्रोग्रामचा छोटा तुकडा बदलून उरलेल्या भागाला जोडायला, संपूर्ण प्रोग्राम नव्याने भाषांतरित करण्यापेक्षाही जास्त वेळ लागत होता. शेवटी त्यांना सगळे काम दुसऱ्या, अगदी साध्या भाषेत पुन्हा लिहावे लागले. तिथे वेग मिळाला, पण चुका शोधताना दमछाक झाली. हे दोन्ही अनुभव गाठीशी घेऊन १९७९ मध्ये त्यांनी सी भाषेत क्लास आणण्याचे काम सुरू केले. त्यातून सी प्लस प्लस आली.

वर्णन कोणाच्या हाती?

नायगार्ड यांची गोष्ट इथे संपली असती, तर ते केवळ पाठ्यपुस्तकात राहिले असते. पण सिम्युला वापरात येताच त्यांना वेगळीच चिंता लागली. कारखान्याचे वर्णन संगणकात गेले की त्यावरून कामाची फेररचना होणार. कोणता कामगार कुठे उभा राहणार, किती वेळात काय करणार, हे कोणीतरी दुसराच ठरवणार. ज्यांच्या कामाचे वर्णन केले जात आहे, त्यांनाच ते वाचता येत नसेल, तर त्यातील चूक दाखवणार कोण? प्रोग्रामरच्या दृष्टीने रांगेतील ‘घटक’ असलेला माणूस प्रत्यक्षात नोकरी, घर आणि मान असलेला माणूस असतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम सुरू केले. सुरुवातीला नेहमीसारखा अभ्यास करून अहवाल देण्याचा बेत होता. तो त्यांनी बदलला. कारखान्यातील कामगारांचे गट स्वतःच संगणकीय नियोजन पद्धती समजून घेऊ लागले आणि आपल्या कारखान्याविषयी आपली मते लिहू लागले. त्यांच्यासाठी सोप्या भाषेत पुस्तके तयार झाली. संशोधकाच्या कागदावर काय आले, यापेक्षा कामगारांनी त्यातून काय केले, तेच या प्रकल्पाचे फलित मानले गेले.

१९७५ मध्ये नॉर्वेतील कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात राष्ट्रीय पातळीवर करार झाला. संगणकीय पद्धती आणताना कामगारांना समजेल अशी माहिती देणे आणि त्यांना चर्चेत घेणे मालकांवर बंधनकारक झाले. १९७७ च्या कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व पर्यावरणविषयक कायद्यातही हाच विचार उतरला. आज सॉफ्टवेअर बनवताना वापरणाऱ्यांना सुरुवातीपासून बरोबर घेण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्या मुळाशी हे स्कँडिनेव्हियातील काम आहे.

प्रोग्रामरसाठी यात व्यवहाराचा धडाही आहे. खरेदी केंद्रावर काटे किती, एका टोकनवर दोन गाड्या येऊ शकतात का, वजन नाकारले तर पुढे काय होते, याची उत्तरे कोणत्याही फायलीत नसतात. ती काट्यावरच्या माणसाला, हमालाला आणि रांगेतील शेतकऱ्याला माहीत असतात. त्यांना न विचारता लिहिलेला क्लास तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असेल, पण त्यातून घडणारा प्रत्येक ऑब्जेक्ट चुकीचाच असेल. अशी चूक डीबगरमध्ये दिसत नाही.

शेवटची वर्षे

१९७५ मध्ये नायगार्ड आरहुस विद्यापीठात आणि १९७७ पासून ऑस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाले. डेन्मार्कमधील तरुण सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘बीटा’ नावाची आणखी एक भाषा घडवली. राजकारणातही ते स्वस्थ बसले नाहीत. नॉर्वेने युरोपीय संघात जाऊ नये, या मताच्या चळवळीचे १९९० ते १९९५ या काळात ते नेते होते. नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के मतदारांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. मोठ्या संस्थेत निर्णय सामान्य माणसापासून दूर जातात, हा त्यांचा आक्षेप कारखान्यातही होता आणि देशाच्या बाबतीतही.

संगणकशास्त्रातील मोठे सन्मान त्यांच्याकडे उशिरा आले. २००० मध्ये डाल आणि नायगार्ड या दोघांना नॉर्वेच्या राजाकडून सेंट ओलाव्ह सन्मान मिळाला. २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक दोघांना मिळून जाहीर झाले. पाठोपाठ जॉन फॉन नॉयमन पदकही मिळाले. पण हे सुख फार काळ टिकले नाही. २९ जून २००२ रोजी डाल गेले. सहा आठवड्यांनी, १० ऑगस्ट २००२ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने नायगार्ड यांचे निधन झाले. ७६ वा वाढदिवस सतरा दिवसांवर होता.

त्यांनी घडवलेली सिम्युला आज क्वचितच कोणी लिहितो. मात्र बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंद किंवा बाजार समितीची पावती, यामागच्या असंख्य प्रोग्रामांत वर्णन आणि वस्तू यांची त्यांनी केलेली विभागणी रोज वापरली जाते. पडद्यावर त्रुटीचा संदेश आला की त्यांची रीत आजही उपयोगी पडते : आधी प्रत्यक्ष जगात किती वस्तू आहेत ते मोजावे, मग प्रोग्रामने किती घडवल्या ते मोजावे आणि दोन आकडे जुळत नसतील तर तिथून शोध सुरू करावा.